भव्य रक्तदान शिबिर आणि माझे आठ जण

माझ्या हाडांतल्या मगजानं अंग काढून घेतलं, त्याला चार वर्षं झाली. रक्त तयार करायचं हे त्याचं एकुलतं एक काम, पण ते तो मन लावून करत नाही. करतो तेही अर्धंकच्चं. बेळगावच्या डॉक्टरांनी या दुखण्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. माझ्या मिस्टरांनी, म्हणजे तवनाप्पांनी, ते तीनदा विचारून घेतलं आणि निपाणी येईपर्यंत विसरून गेले. गावात त्यांनी "हिला रक्त कमी हाय" एवढंच सांगितलं, आणि तिथंच घोळ झाला. रक्त कमी म्हटल्यावर आमच्या गावात औषध माहीत नाही असा माणूस सापडणार नाही.

पहिल्या वर्षी घरात इतके खजूर आणि काळे मनुके आले की आम्ही दुकान टाकलं असतं तर चाललं असतं. आम्ही जैन, जमिनीखालचं खात नाही, हे ज्यांना जन्मापासून ठाऊक आहे त्या शेजारच्या मनुबाई पदराखाली बीट घेऊन आल्या. "औषध म्हणून चालतंय की गं," म्हणाल्या. मी त्यांना समजावलं की माझ्या अंगात लोखंड कमी नाही, उलट बाहेरचं रक्त घेऊन घेऊन ते इतकं साठलंय की बाहेर काढायला रोज वेगळी गोळी खावी लागते. मनुबाईंनी विचार केला. "लोखंड हाय म्हंजे ताकद हाय की मग," म्हणाल्या आणि बीट ठेवून गेल्या.

दुसरी जात "चांगली दिसतीस की" म्हणणाऱ्यांची. रक्त चढवल्यावर आठ-दहा दिवस माझ्या गालांना रंग येतो. नेमक्या त्याच दिवसांत मी बाहेर पडते, कारण बाकीच्या दिवसांत पडता येत नाही. त्यामुळं गावानं मला कायम गुलाबीच पाहिलंय. मी पांढरी पडून माजघरात आडवी असते तेव्हा बघायला कुणी नसतं. म्हणून निम्म्या गावाचं मत असं, की त्रिशला टीचरला काही झालेलं नाही, शाळा चुकवायला निमित्त पाहिजे.

शाळा चुकवायला! मी हायस्कुलात गणित शिकवते. दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. तळमजल्याच्या मोठ्या खोलीत संस्थेच्या संचालकांची बैठक भरते, वर्षातून दोनदा, म्हणून ती खोली रिकामी ठेवावी लागते. डॉक्टर दर वेळी विचारतात, "मॅडम, क्वालिटी ऑफ लाइफ कशी आहे? एक ते दहामध्ये सांगा." मी सांगते, "जिना चढता आला की दहा, न्हाय आला की शून्य." त्यांना मधला आकडा हवा असतो. मधला आकडा माझ्याकडं नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी दवाखान्यात पडून राहिले आणि माझ्या जागी आलेल्या मास्तरांनी दहावीच्या पोरांना परीक्षेत काय येणार ते अंदाजानं सांगितलं. ते आलं नाही. निम्मा वर्ग गणितात नापास झाला. त्यातली दोन पोरं आता कागलच्या कारखान्यात पोती उचलतात. रस्त्यात भेटली की मलाच "टीचर, बरं हाय का?" विचारतात. म्हणून या वर्षी हेडमास्तरांनी गोड शब्दांत "आता विश्रांती घ्या की" सुचवलं तेव्हा मी म्हणाले, ही बॅच आठवीपासून माझी आहे, शेवटची उजळणी होईपर्यंत मी जिना चढणार. पुढचं पुढं.

जिना चढायला मला दर तीन आठवड्यांनी दोन बाटल्या रक्त लागतं, आणि माझा गट बी निगेटिव्ह. हा गट असलेली माणसं शोधायला आम्हाला वर्ष गेलं. शेवटी आठ मिळाली. जांबोटीचा ज्योतिबा, ज्याच्या गावाला बस कधी येईल ते बसलाही माहीत नसतं, म्हणून तो आदल्या दिवशीच बेळगावात बहिणीकडं मुक्कामाला येतो. खडेबाजारात बांगड्या विकणारी मंगल. एक चिकोडीचे कन्नड मास्तर, एक कागलचा गवंडी, अशी सगळी. आमच्या भागात पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून डोकी फुटतात, पण कुणाचं रक्त कुठल्या भाषेचं हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. एकदा रक्त दिलं की पुढचे तीन महिने देता येत नाही. म्हणून मी आठ जणांच्या चार जोड्या केल्या आणि एकापाठोपाठ एक अशा लावल्या. पहिल्या जोडीनं दिलं, की फिरून तिचा नंबर येईपर्यंत तीन महिने होतात. गणिताच्या बाईला आयुष्यात याहून चांगलं गणित मांडता आलेलं नाही.

नववा माणूस माझ्याच घरात होता. माझा धाकटा दीर वृषभ. त्याचाही बी निगेटिव्हच. पण त्याला पहिल्या वर्षी विचारलं तेव्हा त्याला शुगर होती. दुसऱ्या वर्षी बीपी. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, कुठल्या डॉक्टरांनी ते त्याला आठवत नव्हतं. चौथ्या वर्षी मी विचारायचं सोडलं. आम्ही एका अंगणात राहतो, एकाच विहिरीचं पाणी गाळून पितो. वृषभ आमच्या लग्नात वरातीपुढं नाचलेला पोर, त्याच्याशी काय भांडायचं!

तर या वृषभला तालुका पंचायतीला उभं राहायचं होतं. फेब्रुवारीच्या मध्याला त्याचा वाढदिवस आला आणि त्याला समाजसेवा सुचली. चौकात बॅनर लागला. "भव्य रक्तदान शिबिर". वर कन्नड, खाली मराठी. दोन्हीकडं शुद्धलेखनाच्या चुका सारख्याच होत्या, निदान तिथं तरी कुणावर अन्याय नव्हता. मध्ये हात जोडलेला वृषभ, माणसाएवढा. कोपऱ्यात फुलांच्या महिरपीत माझा फोटो, आणि खाली "त्रिशला वैनींसाठी". त्या महिरपीमुळं संकेश्वरच्या दोन मावश्यांनी तवनाप्पांना फोन करून माती कधी आहे ते विचारलं.

मला गर्दीत जायची मनाई आहे. अंगात पांढऱ्या पेशी कमी, कुणी शिंकलं तरी मला आठ दिवस ताप. पण सत्कारमूर्ती मीच होते. मास्क लावून मला स्टेजवर बसवलं, आणि मी मंडपात नजर टाकली. पहिल्या रांगेतल्या खाटांवर माझे आठ जण ओळीनं झोपले होते. ज्योतिबा, मंगल, चिकोडीचे मास्तर, सगळे. ज्यांचा नंबर होता ते, आणि ज्यांचा अजून दीड-दोन महिन्यांनी होता तेही. वृषभनं प्रत्येकाला "वैनींना तातडीनं पाहिजे" म्हणून फोन केला होता, आणि ते हातातलं काम टाकून आले होते. शिबिराच्या गडबडीत मागच्या वेळची तारीख त्यांना कुणी विचारलीच नव्हती.

"वृषभ, ह्या आठांना कशाला बोलावलंस रं?"

"वैनी, तुमच्यासाठीच की! दुर्मिळ गटाचा विशेष सन्मान. एका दमात आठ बाटल्या!"

"मला एका दमात आठ लागत न्हाईत रं. दोन लागत्यात. दर तीन आठवड्यांनी."

"मग ऱ्हाऊ देत की बँकेत. बँकच हाय न्हवं ती? लागंल तसं काढायचं."

मी त्याला सांगितलं, की ती बँक माझ्या एकटीची नाही. अपघातातल्या माणसाला, बाळंतिणीला, ज्याला लागेल त्याला ते रक्त देतात, आणि दिलंच पाहिजे. उरलं तरी पाच-सहा आठवड्यांत ते शिळं होतं आणि टाकून द्यावं लागतं. पण तेवढ्यात माईकवर माझं नाव पुकारलं आणि माझ्या खांद्यावर शाल पडली. खाली मंगलनं झोपल्या झोपल्या मला हात केला. तिला वाटलं होतं, टीचर खूश झाल्या असतील. प्रत्येक दात्याला एक हेल्मेट मिळालं. ज्योतिबाकडं मोटारसायकल नाही, तरी तो ते घालूनच जांबोटीला गेला.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. सगळ्यात शेवटी वृषभ स्वतः खाटेवर आडवा झाला. बाही वर, हाताला पट्टा, मूठ आवळलेली. फोटो निघाले. रक्तपेढीच्या मॅडमनी त्याला प्रमाणपत्र दिलं. स्टेजवरून मी ते बघितलं आणि माझे डोळे भरून आले. चार वर्षं जो टाळत होता, तो शेवटी माझ्यासाठी आडवा झाला! शुगर, बीपी, न आठवणारे डॉक्टर, सगळं मी त्या क्षणी माफ करून टाकलं. घरी येऊन तवनाप्पांना म्हणालेही, "पोरगं मनानं वाईट न्हाय."

मार्चच्या सुरुवातीला माझी वेळ आली तेव्हा पेढीत अजून दोन बाटल्या शिल्लक होत्या. दिवसभर दवाखान्यात पडून त्या चढवून घेतल्या. परत येताना तवंदी घाटात तवनाप्पांनी नेहमीप्रमाणं मावळतीकडं बघत गाडी थांबवली आणि आम्ही दिवस बुडायच्या आत डबा खाल्ला. "बघ, झालं का न्हाय वृषभचं शिबिर उपयोगी?" ते म्हणाले. मी भाकरीचा घास घेतला आणि पुढच्या तीन आठवड्यांचं गणित मनात मांडलं. उत्तर चांगलं येत नव्हतं.

मार्च सरत आला. परीक्षेला एकच आठवडा राहिला, उजळणी ऐन रंगात, आणि मी पहिल्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून उभी राहायला लागले. वरून पोरं डोकावून बघायची आणि न बघितल्यासारखं करून आत पळायची. कानात पाटा-वरवंटा फिरल्यासारखा आवाज. तवनाप्पांनी पेढीत फोन केला. बी निगेटिव्ह नाही, मला चालणारं ओ निगेटिव्हही नाही. होतं ते गेलं, उरलं ते मुदत संपून टाकलं. कोल्हापूर, हुबळी, गडहिंग्लज, सगळीकडं फोन झाले. कॉलेजं परीक्षेत, शिबिरं बंद, कुठंच नाही. मग आठ जणांना फोन. ज्योतिबा म्हणाला, "आत्ता निघतो की टीचर, कोण बघतंय तीन महिनं!" त्याला घरी बसवायला मला रागवावं लागलं. सगळे द्यायला तयार होते आणि एकालाही देता येत नव्हतं. मेच्या मध्यापर्यंत आमच्या मुलखातलं बी निगेटिव्ह संपलं होतं, आणि ते माझ्यावरच्या प्रेमापोटी संपलं होतं! वैऱ्यानं एवढं नेमकं केलं नसतं.

हेडमास्तर घरी येऊन सांगून गेले, की सोमवारपासून गेल्या वर्षीचे तेच मास्तर दहावीला येतील. मी भिंतीकडं तोंड करून पडले. मला मरणाची भीती वाटते, नाही असं नाही. पण त्या दिवशी मी रडले ती त्या अंदाजवाल्या मास्तरांपायी.

संध्याकाळी माझी जाऊ सौम्या पेज घेऊन आली. वृषभची बायको. जेवणवेळ सोडून ती माझ्याशी फार बोलत नाही. वाटी खाली ठेवली आणि उभीच राहिली.

"आक्का, एक सांगू? रागावू नका."

"रागवायला पण रक्त लागतंय गं. सांग."

"त्यांनी दिलंच न्हाय."

"कुणी?"

"ह्यांनी. शिबिरात. सुई बघितली आणि घाम फुटला. फोटो झाला आणि उठून बसले. शुगर न्हाय, बीपी न्हाय, काय पण न्हाय. सुईला भ्यात्यात. लहानपणापासनं."

मी उठून बसले. कशी बसले ते मला माहीत नाही. राग असा आला की वर्षभरात गालांना तेवढा रंग आला नसेल. आणि त्या रागाच्या आत, मला लाज वाटते सांगायला, आनंदाची उकळी फुटली. आख्ख्या मुलखात बी निगेटिव्हचा एकच माणूस शिल्लक होता, आणि तो खोटं बोलला म्हणून शिल्लक होता. खरं बोलणारे आठही संपले होते.

वृषभला बोलावलं. तो दारातच थांबला. सौम्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

"वैनी, मला चक्कर येतीया ओ."

"मला रोज येतीया," मी म्हणाले. "उद्या सकाळी निघायचं."

दुसऱ्या दिवशी गाडीत तवनाप्पा, मी, वृषभ आणि शामू. शामू हा वृषभचा कार्यकर्ता. वृषभ त्याच्याशिवाय दाढी करायलाही जात नाही. वाटेत शामू म्हणाला, "अण्णा दुसऱ्यांदा देणार म्हंजे रेकॉर्डच! लाईव्ह करतो की." वृषभ काचेतून बाहेर बघत होता.

पेढीत गेलो. शिबिराला आलेल्या मॅडमच बसल्या होत्या. त्यांच्या मागं भिंतीवर वृषभचा फोटो लावलेला, खाटेवर आडवा, मूठ आवळलेली, खाली "आदर्श रक्तदाता". मॅडमनी त्याला बघून हात जोडले आणि आम्ही कशाला आलो ते सांगताच जोडलेले हात हलवले.

"बेडा सर, बेडा. नको. तुम्ही आत्ता तर दिलाय. तीन महिने घेता येत नाही. तुमचं मन मोठं आहे, पण नियम आहे."

शामूनं मोबाईल वर धरला. बाकावर पंधरा-वीस माणसं बसली होती, निम्मी चिकोडी-हुक्केरीकडची, म्हणजे वृषभची होणारी मतं. तवनाप्पा जमिनीकडं बघत होते. मी सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. पण मी ठरवलं की नाही. माझ्यासाठी त्याला एवढं तरी करू दे. खरं सांगायचं तर, तो गप्प राहिला असता तर तिथून मला उचलूनच न्यावं लागलं असतं.

वृषभ काहीतरी पुटपुटला.

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"मी दिलं न्हवतं."

"पंख्याचा आवाज येतोय सर, मोठ्यानं सांगा."

"मी रक्त दिलंच न्हवतं ओ!" वृषभ ओरडला. "नुसता झोपलोतो! फोटोला! मी सुईला भितो!"

शामूनं मोबाईल हळूच खिशात घातला, पण तोवर काय जायचं ते गेलं होतं. मॅडम मागं वळून भिंतीवरच्या फोटोकडं बघत राहिल्या. मग त्यांनी वृषभचं बोट टोचून तपासलं. बोट टोचलं तेव्हाच त्याचे डोळे पांढरे झाले.

खाटेवर त्यानं माझा हात धरला. धरला म्हणजे काय, आवळला. माझ्या कातडीखाली जरा दाबलं तरी निळे डाग पडतात. त्याच्या पाचही बोटांचे पडले आणि पंधरा दिवस राहिले. पण मी हात सोडवला नाही. सुई आत गेली तेव्हा तो लहान पोरासारखा "आई गं" म्हणाला. मग नळीतून रक्त यायला लागलं. तो छताकडं बघत होता.

"वैनी, हे तुम्हाला दर तीन आठवड्यांनी?"

"व्हय. दोन दोन बाटल्या. त्याआधी तपासायला सुई वेगळी."

"आणि कुठवर?"

चार वर्षांत मला लोकांनी खूप विचारलं. बीट खातेस का, कुणाची नजर लागली का, खर्च किती येतो, शाळा पगार कापते का. कुठवर, हे कुणी विचारलं नव्हतं. तवनाप्पांनीही नाही, भीतीनं. मीही डॉक्टरांना विचारलेलं नाही, त्याच भीतीनं. आणि विचारलं कुणी, तर या भित्र्यानं!

"जगायचं हाय तवर," मी म्हणाले.

वृषभनं तोंड भिंतीकडं केलं. त्याचा खांदा हलत होता. मॅडमना वाटलं सुईमुळं, त्यांनी पंखा वाढवला.

"मग तीन आठवड्यांनी कुणाचं हाय?" त्यानं भिंतीकडंच बघत विचारलं.

"अजून कुणाचं न्हाय. तुझ्या शिबिरामुळं."

हे मी टोचायला म्हणाले नव्हते. खरंच कुणाचं नव्हतं. मिळालेली बाटलीही एकच होती, म्हणजे निम्मं काम. त्यावर शेवटचा आठवडा निघाला असता. त्यापुढचं मला माहीत नव्हतं.

तपासणी होऊन रविवारी ते रक्त मला चढवलं. तोवर वृषभचं ओरडणं निपाणीतल्या प्रत्येक मोबाईलवर पोचलं होतं. सकाळी चौकात त्याला बघून लोक खाटेवर झोपल्याची नक्कल करत होते. तालुका पंचायतीचं काय होणार ते दिसतच होतं. त्यानंतर तो घराबाहेर पडला नाही. सौम्यानं मात्र मला सकाळी पहिल्यांदा अंगणातूनच हाक मारली, "आक्का, च्या घेताय?"

सोमवारी अंदाजवाले मास्तर शाळेच्या दारात भेटले. मी त्यांना नमस्कार केला आणि पुढं झाले. पहिला मजला. वळणावर थांबावं लागलं नाही, पण सवयीनं कठड्याला हात लावला. दुसरा मजला. वर्गात गेले तशी सगळी पोरं उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. त्यांनी आशा सोडली होती, ते त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. पाठ फिरवून फळ्याकडं तोंड केलं आणि खडू हातात घेऊन रडले, आवाज न करता. पोरांना वाटलं टीचर उदाहरण आठवतायत. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "वह्या काढा."